व्हीएनएवर कोणता स्वीप केव्हा निवडावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी सदराकडे आलेली बरीचशी पत्रे व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझरविषयी, म्हणजे अँटेना, फिल्टर, केबल अशा वस्तू वेगवेगळ्या वारंवारतांच्या सिग्नलला कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या व्हीएनएविषयी आहेत आणि त्यांतली मूळ शंका एकच आहे. उपकरणाच्या मेनूमध्ये लिनियर, लॉग, सेगमेंट, पॉवर, सीडब्ल्यू टाइम असे स्वीपचे, म्हणजे वारंवारता, पॉवर किंवा काळ पुढे सरकत असताना ओळीने वाचने घेण्याचे, अनेक प्रकार दिसतात. त्यांतला कोणता कधी वापरायचा? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे. या उत्तरांमागची भूमिका आधीच सांगून ठेवतो. पडद्यावर सलग रेषा दिसत असली तरी व्हीएनए सलग वक्र मोजत नाही. तो ठरावीक वारंवारतांवर वाचने घेतो आणि त्या बिंदूंना रेषेने जोडून दाखवतो. स्वीपचा प्रकार निवडणे म्हणजे उपकरणाने कोठे वाचन घ्यावे, तेथे किती वेळ घालवावा आणि किती पॉवर द्यावी हे ठरवणे होय. उपकरण सुरू केल्यावर आपोआप जे लागलेले असते ते तसेच पुढे चालवण्याऐवजी हा निर्णय मोजायच्या वस्तूचा स्वभाव पाहून घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्याकडे खिशात मावणारा छोटा व्हीएनए आहे. त्यावर ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असा पूर्ण पट्टा लावून मी ४० मीटर बँडचा डायपोल जोडला. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास खोलगट भाग दिसायला हवा होता, पण रेषा तेथून सपाट निघून जाते. अँटेनात दोष आहे की उपकरणात?

उत्तर : बहुधा दोन्हींत नाही. अशा छोट्या उपकरणांपैकी अनेकांत एका स्वीपमध्ये १०१ बिंदू असतात. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ हा पट्टा १०० समान भागांत विभागला की दोन बिंदूंमधले अंतर जवळजवळ ९ मेगाहर्ट्झ होते. म्हणजे पहिले वाचन ०.०५ मेगाहर्ट्झवर, दुसरे ९.०५ वर, तिसरे १८.०५ वर. आपल्या डायपोलचा अनुनाद ७.१ मेगाहर्ट्झच्या जवळ असेल, तर तो पहिल्या दोन वाचनांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला आहे. तेथे उपकरणाने काहीही मोजलेले नाही, फक्त रेघ ओढली आहे. पडद्यावर रेषेऐवजी नुसते बिंदू दाखवण्याची सोय असेल, तर ती एकदा चालू करून पाहावी. परिस्थिती लगेच लक्षात येते.

आता पट्टा ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ असा लावा. तेच १०१ बिंदू आता १० किलोहर्ट्झच्या अंतराने पडतील आणि डायपोलचा खोलगट भाग कितीतरी बिंदूंनी रेखला जाईल. मी पाळत असलेला ढोबळ ठोकताळा असा, की जो भाग सर्वांत अरुंद आहे त्याच्या रुंदीत किमान आठ-दहा बिंदू पडले पाहिजेत. पट्टा बदलल्यावर कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वस्तू जोडून वाचनांची दुरुस्ती ठरवणे) मात्र नव्याने करावे, कारण आधीचे कॅलिब्रेशन ९ मेगाहर्ट्झच्या अंतरावरील बिंदूंवर झालेले आहे आणि मधल्या वारंवारतांसाठीची दुरुस्ती उपकरण केवळ अंदाजाने काढील. संगणकावरील काही प्रणाली मोठ्या पट्ट्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात १०१ बिंदू घेतात. ही सोय उपयुक्त आहे, पण दहा तुकडे पाडले तरी अंतर ०.९ मेगाहर्ट्झच्या आसपास राहते, आणि या अँटेनासाठी तेही फार विरळ आहे.

प्रश्न : डीकपलिंग कपॅसिटरचा इम्पिडन्स १० किलोहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजायचा आहे. आमच्या मार्गदर्शकांनी लॉग स्वीप लावायला सांगितले. आलेखाचा आडवा अक्ष लॉग केला तर तेवढ्यावर भागणार नाही का?

उत्तर : नाही भागणार, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. अक्ष लॉग केल्याने चित्र बदलते, वाचने तीच राहतात. आकडे घालून पाहू. ४०१ बिंदूंचा लिनियर स्वीप घेतला, तर दोन बिंदूंत सुमारे २.५ मेगाहर्ट्झ अंतर पडते आणि १० किलोहर्ट्झनंतरचे दुसरेच वाचन २.५१ मेगाहर्ट्झवर येते. वारंवारतेच्या दहापटीला एक डेकेड म्हणतात. त्या हिशेबाने आपल्या पट्ट्यात पाच डेकेड आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ अडीच डेकेडमध्ये एकही वाचन नाही. कपॅसिटरचा इम्पिडन्स उताराने खाली येतो तो भाग नेमका तेथेच असतो. लॉग स्वीपमध्ये हेच ४०१ बिंदू प्रत्येक डेकेडमध्ये ८० याप्रमाणे वाटले जातात आणि प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूहून सुमारे २.९ टक्क्यांनी पुढे असतो. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याचे १ नॅनोहेन्रीचे अंगभूत इंडक्टन्स धरले, तर स्वतःचा अनुनाद १६ मेगाहर्ट्झच्या जरासा अलीकडे येतो. तेथे लॉग स्वीपचे बिंदू अर्ध्या मेगाहर्ट्झहूनही कमी अंतराने पडलेले असतात.

मात्र लॉग स्वीपचीही एक बाजू लंगडी आहे. २.९ टक्के म्हणजे १ गिगाहर्ट्झजवळ २८ मेगाहर्ट्झ. वरच्या टोकाला एखादा तीव्र अनुनाद असेल, तर तो या अंतरात सहज निसटतो. फेजचेही तसेच आहे. लागोपाठच्या दोन बिंदूंत फेज १८० अंशांहून अधिक सरकली, तर ती किती वेळा फिरली हे उपकरणाला कळण्याचा मार्ग उरत नाही. २८ मेगाहर्ट्झ अंतराला ही मर्यादा सुमारे १८ नॅनोसेकंदांच्या विलंबावर गाठली जाते, म्हणजे नेहमीच्या कोएक्स केबलच्या साडेतीन मीटरांवर. त्यामुळे लांब केबलचा ग्रुप डिले (सिग्नलला पार होण्यास लागणारा विलंब) काढण्यासाठी लॉग स्वीप वापरू नये.

इम्पिडन्स फार लहान असल्याने कपॅसिटर दोन पोर्टांच्या मधोमध ग्राउंडकडे जोडून एस२१, म्हणजे पहिल्या पोर्टातून दुसऱ्या पोर्टात पोहोचणाऱ्या सिग्नलचे प्रमाण, मोजण्याची पद्धत घ्यावी. ५० ओहमच्या प्रणालीत इम्पिडन्स म्हणजे २५ गुणिले एस२१ भागिले (१ वजा एस२१). १० मिलिओहमला एस२१ सुमारे उणे ६८ डेसिबल येतो, म्हणून आयएफ बँडविड्थ, म्हणजे रिसीव्हरमधल्या फिल्टरची रुंदी, लहान हवी. खालच्या टोकाला ती तशीही लहानच लागते. १० किलोहर्ट्झवर मोजताना आयएफ बँडविड्थही १० किलोहर्ट्झ ठेवणे बरोबर नाही. पुष्कळ उपकरणे कमी वारंवारतेला ती आपोआप घटवतात. लॉग स्वीपची पहिली काही वाचने रेंगाळत येतात, ती याच कारणाने.

प्रश्न : ९०० मेगाहर्ट्झच्या बँडपास फिल्टरचा पासबँड (सिग्नल जाऊ देणारा भाग) बारकाईने पाहायचा आहे आणि स्टॉपबँडही (सिग्नल अडवणारा भाग) ३ गिगाहर्ट्झपर्यंत दाखवायचा आहे. बिंदू वाढवले की स्वीप संपता संपत नाही; कमी केले की पासबँडमधली लहर दिसत नाही. सेगमेंट स्वीप खरेच इतका फरक पाडतो का?

उत्तर : पाडतो, आणि माझ्या मते फिल्टरचे काम करणाऱ्याने सर्वांत आधी शिकावा असा हाच प्रकार आहे. तरीही पुष्कळ प्रयोगशाळांत तो कोणी उघडूनही पाहत नाही, कारण त्याच्या तक्त्यात आकडे भरण्याचा कंटाळा येतो.

आपल्याला पासबँडमध्ये ०.२ मेगाहर्ट्झचे अंतर हवे आहे आणि स्टॉपबँडमध्ये नॉइज खाली राहावा म्हणून १०० हर्ट्झची आयएफ बँडविड्थ हवी आहे, असे धरू. एका बिंदूला लागणारा वेळ ढोबळमानाने आयएफ बँडविड्थच्या व्यस्ताइतका, म्हणजे येथे १० मिलिसेकंद असतो. १० मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ हा सारा पट्टा एकाच लिनियर स्वीपमध्ये ०.२ मेगाहर्ट्झने मोजायचा, तर १४,९५१ बिंदू होतात आणि एका स्वीपला सुमारे १५० सेकंद लागतात. दोन्ही पोर्टांचे पूर्ण कॅलिब्रेशन चालू असेल, तर उपकरणाला पुढच्या आणि उलट अशा दोन्ही दिशांनी मोजावे लागते, आणि मग हा वेळ दुप्पट होतो.

आता तीन सेगमेंट करा. पहिला १० ते ८६० मेगाहर्ट्झ, १० मेगाहर्ट्झच्या अंतराने ८६ बिंदू, आयएफ बँडविड्थ १०० हर्ट्झ. दुसरा ८६० ते ९४० मेगाहर्ट्झ, ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने ४०१ बिंदू, आयएफ बँडविड्थ १ किलोहर्ट्झ. तिसरा ९४० ते ३००० मेगाहर्ट्झ, १० मेगाहर्ट्झच्या अंतराने २०७ बिंदू, पुन्हा १०० हर्ट्झ. वेळ अनुक्रमे ०.९, ०.४ आणि २.१ सेकंद, एकूण साधारण साडेतीन सेकंद. पासबँडमध्ये सिग्नल मुबलक असतो, तेथे १०० हर्ट्झची गरजच नव्हती. आयएफ बँडविड्थ दहापट कमी केली की नॉइज १० डेसिबलने खाली जातो, पण वेळ दहापट वाढतो. हा सौदा जेथे सिग्नल नॉइजमध्ये बुडत असतो तेथेच करावा. फिल्टरचे स्क्रू फिरवत ट्यूनिंग करणाऱ्याला या फरकाचे मोल विशेष कळते, कारण १५० सेकंदांनी उमटणाऱ्या आलेखाकडे पाहून हाताने स्क्रू फिरवणे शक्यच नसते.

आता काही सावधगिऱ्या. सेगमेंट आखण्याआधी संपूर्ण पट्ट्याचा एक दाट, जलद लिनियर स्वीप जरूर घ्यावा, भले त्यात नॉइज जास्त असो. कॅव्हिटी फिल्टरला वरच्या वारंवारतांवर आणखी पासबँड असतात, आणि त्यांतला एखादा अरुंद पासबँड १० मेगाहर्ट्झच्या फटीत पडला, तर आपला स्टॉपबँड कागदावर निर्दोष दिसेल. सेगमेंटच्या सीमा पासबँडच्या काठावर ठेवू नयेत. दोन्ही बाजूंचे उतार मधल्याच सेगमेंटमध्ये यावेत, कारण दाट बिंदूंची गरज तेथे सर्वाधिक असते. पडद्याचा आडवा अक्ष काही उपकरणांत बिंदूंच्या क्रमाने आखता येतो आणि काहींत वारंवारतेप्रमाणे. पहिल्या प्रकारात मधला सेगमेंट निम्म्याहून अधिक पडदा व्यापतो आणि उतार प्रत्यक्षापेक्षा कितीतरी सौम्य वाटतो. ट्यूनिंगसाठी हे सोयीचे असले, तरी अहवालात तेच चित्र घातले तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

प्रत्येक सेगमेंटला वेगळी पॉवरही देता येते. निष्क्रिय फिल्टरच्या स्टॉपबँडमध्ये पॉवर वाढवून मापनाचा पल्ला वाढवणे रास्त आहे. परंतु पॉवर इतकी बदलू नये की उपकरणातला यांत्रिक ॲटेन्युएटर प्रत्येक स्वीपला खटखट करत राहील. त्याचे आयुष्य ठरावीक खटक्यांचे असते. पुष्कळ उपकरणे म्हणूनच सर्व सेगमेंटना ॲटेन्युएटरचा एकच टप्पा लावण्याचा आग्रह धरतात.

प्रश्न : २० मीटर कोएक्स केबलचा लॉस मोजत आहे. ३ गिगाहर्ट्झ पट्टा, २०१ बिंदू, आयएफ बँडविड्थ १० किलोहर्ट्झ. स्वीप टाइम ऑटोवर ठेवला की लॉस फार जास्त दिसतो. हाताने २ सेकंद केला की कमी होतो आणि स्थिर राहतो. केबल तीच, जोडण्या त्याच. यांपैकी कोणता आकडा खरा?

उत्तर : दोन सेकंदांचा. आपले उपकरण स्टेप्ड पद्धतीने न चालता स्वेप्ट पद्धतीने चालत असावे. स्टेप्ड पद्धतीत सिग्नल स्रोत प्रत्येक बिंदूवर थांबतो, वाचन होते आणि मग तो पुढे जातो. स्वेप्ट पद्धतीत स्रोत थांबतच नाही, वारंवारता सतत वाढत राहते आणि चालता चालता वाचने घेतली जातात. जुन्या उपकरणांत ही पद्धत सर्रास होती, आणि आजही जलद स्वीपसाठी ती अनेक ठिकाणी पडद्यामागे चालू असते.

कोएक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे २० मीटरांना १०० नॅनोसेकंद. ऑटोवर २०१ बिंदू १० किलोहर्ट्झच्या आयएफ बँडविड्थने साधारण २० मिलिसेकंदांत उरकतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झ पार करायचे, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला १५० किलोहर्ट्झ. सिग्नल केबलमधून बाहेर पडेपर्यंत रिसीव्हर १५ किलोहर्ट्झ पुढे निघून गेलेला असतो. १० किलोहर्ट्झ रुंदीच्या फिल्टरमध्ये मध्यापासून ५ किलोहर्ट्झपर्यंतच जागा असते, त्यामुळे केबलमधून उशिरा आलेला सिग्नल फिल्टरच्या बाहेर पडतो आणि तो लॉस म्हणून नोंदला जातो. स्वीप टाइम २ सेकंद केल्यावर हीच तफावत १५० हर्ट्झवर आली आणि नगण्य झाली.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. पुष्कळ जण अशा वेळी आयएफ बँडविड्थ कमी करतात आणि वेळ ऑटोवरच ठेवतात. स्वेप्ट पद्धत कायम असेल, तर त्याने काहीच साधत नाही. बँडविड्थ दहापट घटली की स्वीप दहापट मंदावतो, तफावत दहापट कमी होते, पण फिल्टरही दहापट अरुंद झालेला असतो. प्रमाण जसेच्या तसे राहते. हे प्रमाण दोन बिंदूंमधले अंतर गुणिले केबलचा विलंब यावर ठरते, म्हणून बिंदू वाढवल्याने मात्र फायदा होतो. काही उपकरणे आयएफ बँडविड्थ लहान केली की आपोआप स्टेप्ड पद्धतीवर जातात, आणि मग बँडविड्थ घटवल्यानेच दोष गेला असा समज होतो. लांब केबल, डिले लाइन किंवा सॉ फिल्टर (पृष्ठभागावरील ध्वनिलहरींवर चालणारा फिल्टर) मोजताना मेनूमध्ये शोधून स्टेप्ड पद्धत स्वतः लावावी, हे उत्तम.

प्रश्न : क्वार्ट्झ क्रिस्टल मोजताना स्टेप्ड स्वीपच वापरला, तरीही शिखर एका बाजूला कललेले आणि थोडे उजवीकडे सरकलेले दिसते. असे का?

उत्तर : येथे केबलचा विलंब कारणीभूत नसून क्रिस्टलची स्वतःची मंद चाल कारणीभूत आहे. क्रिस्टल घंटेसारखा असतो. टोला दिल्याबरोबर त्याचा नाद भरत नाही आणि टोला थांबल्याबरोबर विरतही नाही. १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्या आणि ५० ओहमच्या जोडणीसह त्याचा क्यू, म्हणजे अनुनादाच्या तीक्ष्णतेचा अंक, ५०,००० धरा. त्याची बँडविड्थ २०० हर्ट्झ होते आणि कालांक, म्हणजे क्यू भागिले (पाय गुणिले वारंवारता), सुमारे १.६ मिलिसेकंद येतो. आंदोलन अंतिम पातळीच्या एक हजारांशापर्यंत स्थिरावण्यासाठी सुमारे सात कालांक, म्हणजे ११ मिलिसेकंद थांबावे लागते. आयएफ बँडविड्थ १ किलोहर्ट्झ असेल, तर उपकरण एका बिंदूवर जेमतेम १ मिलिसेकंद थांबते. आधीच्या बिंदूंचे आंदोलन पुरते विरले नाही तोच पुढचे वाचन होते, आणि शिखर स्वीपच्या दिशेने सरकते.

उपाय म्हणजे ड्वेल टाइम. ४ किलोहर्ट्झचा पट्टा, २०१ बिंदू, म्हणजे २० हर्ट्झचे अंतर, आणि प्रत्येक बिंदूवर वाचनापूर्वी १२ मिलिसेकंदांचा थांबा. सारा स्वीप तीन सेकंदांच्या आत होतो. थांबा पुरेसा आहे की नाही हे तपासण्यासाठी आलेख मेमरीत साठवावा, थांबा दुप्पट करावा आणि दोन्ही आलेख एकावर एक पाहावेत. ते तंतोतंत जुळले तर थांबा पुरेसा आहे. न जुळल्यास पुन्हा दुप्पट करावा. पॉवरही उतरवावी. उपकरण सुरू होताना जी पॉवर लागलेली असते, ती पुष्कळ क्रिस्टलांना फार जास्त असते आणि तिने अनुनादाची जागाच बदलते.

प्रश्न : ॲम्प्लिफायरचा १ डेसिबल कॉम्प्रेशन बिंदू व्हीएनएवर काढता येतो, असे वाचले. निरनिराळ्या पॉवरवर वारंवारतेचे स्वीप घेऊन तुलना करायची का?

उत्तर : तसे करता येते, पण त्यासाठी पॉवर स्वीप हा सरळ मार्ग आहे. वारंवारता एका ठिकाणी बांधायची आणि आडव्या अक्षावर स्रोताची पॉवर, समजा उणे ३० ते ० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), वाढवत न्यायची. लहान सिग्नलला गेन २० डेसिबल असेल, तर आलेख डावीकडे २० वर सपाट चालतो आणि पुढे वाकू लागतो. गेन १९ झाला तेथे प्रवेश पॉवर उणे ८ डीबीएम असेल, तर निर्गम पॉवर अधिक ११ डीबीएम, आणि हाच १ डेसिबल कॉम्प्रेशन बिंदू. त्याच स्वीपमध्ये एस२१ची फेज पाहिली, तर पॉवर वाढताना फेज किती सरकते हेही फुकटात कळते.

सर्वांत मोठा धोका असा, की वाकलेली रेषा ॲम्प्लिफायरची आहे की व्हीएनएच्या स्वतःच्या रिसीव्हरची, हे आलेखावरून ओळखता येत नाही. म्हणून ॲम्प्लिफायर आणि दुसरा पोर्ट यांच्यामध्ये १० किंवा २० डेसिबलचा ॲटेन्युएटर घालावा, आणि तो जागेवर ठेवूनच कॅलिब्रेशन करावे. पोर्टला सोसणारी कमाल पॉवर उपकरणाच्या दर्शनी भागावर छापलेली असते. स्वीपचे उजवे टोक ठरवण्यापूर्वी ती वाचावी. नेहमीचे कॅलिब्रेशन केवळ गुणोत्तरे दुरुस्त करते; प्रवेश पॉवरचा आकडाच हवा असेल, तर पॉवर मीटर जोडून स्रोताचे वेगळे कॅलिब्रेशन करावे लागते. आणि मंद पॉवर स्वीपमध्ये मोठा ॲम्प्लिफायर उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत तापतो, त्यामुळे उष्णतेने झालेली घसरणही कॉम्प्रेशनमध्ये मिसळते.

प्रश्न : सीडब्ल्यू टाइम स्वीपचा प्रत्यक्षात काय उपयोग?

उत्तर : वारंवारता आणि पॉवर दोन्ही बांधून काळाबरोबर होणारा बदल पाहण्यासाठी. केबल वाकवली की फेज किती सरकते, उपकरण सुरू केल्यावर वाचन केव्हा स्थिरावते, स्विच किती वेळात बदलतो, हे सारे यात दिसते. दोन वाचनांमधला वेळ आयएफ बँडविड्थने ठरतो, म्हणून १ मिलिसेकंदाहून जलद घडणारी गोष्ट १ किलोहर्ट्झच्या बँडविड्थने पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. माझा सल्ला असा, की कोणतेही नाजूक फेज-मापन सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटांचा असा एक स्वीप फक्त केबल आणि जोडण्यांवर घ्यावा. मोजायची वस्तू जोडण्याआधीच आपल्या मांडणीचा भरवसा किती, ते कळते.

प्रश्न : टाइम डोमेनमध्ये जाऊन केबलमधला दोष शोधायचा आहे, पण सेगमेंट स्वीप लावला की टाइम डोमेनचे बटण निकामी होते.

उत्तर : ते बरोबरच आहे. वारंवारतेकडून काळाकडे जाणाऱ्या रूपांतराला समान अंतरावरचे बिंदू लागतात, म्हणून बहुतेक उपकरणांत ही सोय लिनियर स्वीपपुरतीच असते. बिंदूंमधले अंतर येथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. निःसंदिग्धपणे पाहता येणारा काळ हा त्या अंतराचा व्यस्त असतो. १५ मेगाहर्ट्झ अंतराला तो सुमारे ६७ नॅनोसेकंद. परावर्तन जाऊन परत येत असल्याने निम्मा, म्हणजे ३३ नॅनोसेकंद, आणि कोएक्स केबलमध्ये हे झाले साडेसहा मीटरांच्या आसपास. त्याहून लांबचा दोष आलेखावर चुकीच्या जागी, जवळ आल्यासारखा दिसतो. वीस मीटरांवरचा दोष शोधायचा तर अंतर ५ मेगाहर्ट्झहूनही कमी ठेवावे.

इम्पिडन्स वाढला की घटला हे दाखवणारा पायरीचा आलेख हवा असल्यास लो-पास प्रकार घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सर्व बिंदू पहिल्या वारंवारतेच्या पूर्ण पटीत हवेत. उदाहरणार्थ, २०१ बिंदू आणि सुरुवात १० मेगाहर्ट्झवर, तर शेवट २०१० मेगाहर्ट्झवर. हे जुळवून देणारे बटण उपकरणात असते, परंतु ते सुरुवातीची किंवा शेवटची वारंवारता सरकवते. म्हणून ते आधी दाबावे आणि कॅलिब्रेशन नंतर करावे.

प्रश्न : लिनियर स्वीपवर कॅलिब्रेशन करून नंतर लॉग किंवा सेगमेंट निवडला तर चालेल का?

उत्तर : काही उपकरणे कॅलिब्रेशन सरळ बंद करतात, काही मधल्या बिंदूंसाठी अंदाज काढून ते चालू ठेवतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात तसे बारीक चिन्ह दाखवतात. मूळ बिंदू दाट असतील आणि केबल आखूड असतील, तर हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. नवा स्वीप मूळ पट्ट्याच्या बाहेर गेला, तर अंदाजाला आधारच उरत नाही. प्रयोगशाळेतल्या झटपट पाहणीसाठी मी ते चालवून घेतो. अहवालात जाणारा आकडा असेल, तर स्वीपचा प्रकार, बिंदू, आयएफ बँडविड्थ आणि पॉवर हे सारे आधी कायम करावे, त्यानंतर कॅलिब्रेशन करावे, आणि शेवटी ओळखीचा एखादा ॲटेन्युएटर जोडून वाचन पडताळून घ्यावे.